कुलपाच्या जागी कोळी

सासरी सुनेच्या पेटीला कुलूप लावायची रीत नव्हती. आमच्याच घरात असं नाही, आख्ख्या गावात नव्हती. एखादीनं लावलंच तर सासू चार बायांत उभी राहून विचारायची, "आमी चोर हाव व्हय गं?" आणि मग ती सून मुकाट्यानं किल्ली काढून द्यायची. माझी पेटी पत्र्याची, हिरव्या रंगाची, झाकणावर गुलाबाचं फूल. पेटी सुनेची असं सगळेच म्हणायचे आणि उघडायचेही सगळेच. सासूबाईंना सुईदोरा पाहिजे, उघड पेटी. जाऊबाईंना पावडर पाहिजे, उघड पेटी. मला विचारावं असं कुणाला वाटतच नव्हतं. माझं टाळकं सरकायचं, पण नव्या सुनेच्या टाळक्याला विचारतो कोण?

त्या पेटीत मला पुस्तकं ठेवायची होती. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

नववी झाली आणि माझं लग्न लागलं. पुढं दोन-तीन वर्षांनी गावात बालवाडी मंजूर झाली. बाई गावातलीच पाहिजे आणि मॅट्रिक पाहिजे, अशी अट. आमच्या गावात मॅट्रिक झालेली एक बाई नव्हती. मी म्हटलं, नसेल तर मी होते. सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसता येतं, एवढं मला माहीत होतं. आमचे मालक ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर डायव्हर. हंगामात पंधरा-पंधरा दिवस घराचं तोंड बघायचे नाहीत. आले तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आईला इच्यार." आईला विचारायचं असतं तर तुमच्यापाशी कशाला बोलले असते, असं मी तोंडावर म्हटलं आणि भावाला सांगून फॉर्म भरला.

पुस्तकं आणली, पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवली. आठ दिवसांत गायब. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पेटीत उगं जागा खात होती, दुकानदाराला रद्दीत दिली. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानातून चहाची पुडी आली ती माझ्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या पानात बांधलेली. पचनसंस्थेची आकृती होती. मी ती पुडी हातात घेऊन रडले, आणि रडले म्हणून स्वतःचाच राग आला. भावानं दुसऱ्यांदा पुस्तकं जमवून दिली, कुणाची फाटकी, कुणाची कव्हर नसलेली. तिसऱ्यांदा मिळणार नाहीत, हे त्यानं आधीच बजावलं. ही सहा पुस्तकं गेली की परीक्षा गेली आणि बालवाडीही गेली. मग जन्मभर माझी पेटी दुसरेच उघडणार.

त्या साली पाऊस असा काही रुसला होता की रानात काम नव्हतं, म्हणून आम्ही सासवा-सुना रोजगार हमीच्या कामावर पाझर तलाव खणायला जायचो. एका दुपारी खणताना बिळातून कोळी निघाला. घरातल्या कोपऱ्यात जाळं विणतो तो नव्हे. हा तळहाताएवढा, काळपट, अंगभर केस, आणि चालायचा सावकाश, काही घाई नसल्यासारखा. तो माझ्या टोपल्यात जाऊन बसला. टोपल्यात माझी भाकरी होती. बाया पांगल्या. मुकादम एरवी आमच्यावर डाफरायचा, तोही चार पावलं मागं सरला. त्या टोपल्याला सगळी दुपार कुणी हात लावला नाही. मी उपाशी बसले होते आणि त्या टोपल्याकडं बघत होते. बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुलूप नको. हा पाहिजे.

पुढच्या बाजाराला जाऊबाईंबरोबर वाशीला गेले. बाजारात एक तेलवाला बसायचा, सांधेदुखीचं तेल विकायचा. पुढं मोठी कढई, शेजारी पत्र्याच्या डब्यात सांडे म्हणतात ते जाड शेपटीचे सरडे आणि हे असले कोळी. लोकांना ते जिवंत दाखवायचे आणि मग तेलात सोडायचे, असा त्याचा धंदा. जाऊबाई बांगड्यांत गुंतल्या तशी मी त्याच्यापुढं जाऊन बसले आणि म्हटलं, मला एक जिवंत पाहिजे, पाळायला. तो मला येडी समजला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं एक काढून चादरीवर ठेवला. पायांना दोरा बांधलेला. म्हणाला, दात चिमट्यानं उपटलेत, लेकराच्या हातात द्या खुशाल. कोळी जागचा हलत नव्हता. मला धाक दाखवणारा कोळी पाहिजे होता, पण असला हाल केलेला जीव नको होता. कुणीतरी उचलून, नख्या काढून, दोरा बांधून ठेवलेलं काहीतरी मी रोज आरशात बघत होतेच की.

शेजारी एक म्हातारी वैदीण बसली होती. सुया, बिब्बे, मणी, झाडपाला मांडलेला. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दात काढल्यावर खानार कशानं त्यो? आठ दिसात मरतो. मग ह्यो दुसरा इकायला मोकळा." तेलवाल्यानं तिला शिवी हासडली. तिनं त्याच्या तोंडाला लागायचं सोडून मला हातानं जवळ बोलावलं.

तिच्याकडं मडक्यात एक कोळी होता. कॉलेजातले एक मास्तर तिच्याकडून असले जीव न्यायचे, त्यांच्यासाठी धरलेला. पण ते मास्तर आता दिवाळीनंतरच येणार होते. मी म्हटलं, मला द्या. तर ही बया द्यायलाच तयार होईना. आधी माझी चौकशी. कुठं ठेवणार, काय घालणार, घरात कोंबड्या आहेत का, लहान लेकरं आहेत का. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीही मला इतकं विचारलं नव्हतं. मी वैतागून म्हटलं, मावशी, विकायचा आहे का नाही?

ती म्हणाली, विकायचा आहे, पण मरायला द्यायचा नाही. तेलवाल्यानं दुप्पट देऊ केलं तरी ती त्याला देत नव्हती. बिळात पाणी ओतून, धूर करून ती कधी धरत नसे. गवताची काडी बिळाच्या तोंडाशी हलवायची, किडा आला समजून तो आपल्या पायानं वर येतो. अंडी घेऊन बसलेली मादी दिसली की ती बीळ सोडून पुढं जायची. ही पण मादी होती, पण आम्ही सगळे तिला कोळीच म्हणत आलो. आठवड्याला एक झुरळ नाहीतर नाकतोडा पुरे, नारळाच्या करवंटीत पाणी, आणि ही त्याच्या बिळाची माती, हीच बरणीत घालायची. दुसरी घालायची नाही. किंमत दोन शेर ज्वारी. मी घासाघीस करायला लागले तशी तिनं मडक्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, जा तेलवाल्याकडं. हमीच्या कामावर मिळालेल्या धान्यातली दोन शेर ज्वारी मी गपगुमान मोजून दिली.

मडकं हातात देताना तिनं माझं मनगट धरलं. "येक ऐक, लेकी. ह्यो चावला तर आग हुती, हात सुजतो, दोन दिसात उतरतो. मानूस मरत न्हाय. मरतो म्हनून कुनाला सांगायचं न्हाय. येकाला भ्याले की लोक माळावरचे समदे ठेचत्यात. कबूल?"

मी म्हटलं, कबूल. आणि अर्ध्या वाटेवर जाऊबाईंनी विचारलं, मडक्यात काय गं? तेव्हा मी सांगितलं, कोळी आहे, चावला तर माणूस पाणी मागत नाही.

खरं सांगते, ते वाक्य बोलताना मला जरासुद्धा लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. जाऊबाई रस्त्याच्या पलीकडून चालायला लागल्या.

घरी लोणच्याची रिकामी काचेची बरणी होती. माती घातली, कोळी सोडला, तोंडाला भोकं पाडलेलं फडकं बांधलं आणि बरणी पेटीच्या झाकणावर अगदी कडेला ठेवली. झाकण उघडायचं तर बरणी उचलावी लागणार. आणि काठीनं ढकलायची म्हटली तर ती फुटणार आणि कोळी घरभर होणार. सासूबाईंनी आकांडतांडव केलं, टाकून दे म्हणाल्या. मी म्हटलं, टाका तुम्ही. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. मालक आले, त्यांनी बरणी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, मी ओसरीवर झोपतो.

त्या दिवसापासून माझ्या पेटीला कुणी हात लावला नाही. सुईदोरा पाहिजे असला की सासूबाई दारातून हाक मारायला लागल्या, "अगं, सुई दे की जरा." दे की जरा! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला कुणी काही मागत होतं. दुपारी कामावरून आले की मी पेटीपाशी बसून वाचायचे. बीजगणित, भूगोल, इंग्रजीचे धडे. बरणीत तो आपला बसलेला. झुरळ सोडलं की क्षणभर काही नाही, आणि मग डोळ्याचं पातं लवायच्या आत झुरळ गायब. मला त्याचा लळा लागला. धाकासाठी आणला होता, पण पाण्याची करवंटी भरताना मी त्याच्याशी बोलायला लागले, हे कबूल करते. हात मात्र कधी लावला नाही. माझीही छाती होत नव्हती.

माघात त्यानं खाणं सोडलं. पंधरा दिवस काही नाही. मग एके सकाळी बघते तर पाठीवर उताणा, आठही पाय आकाशाकडं. मेला, म्हणजे पेटी उघडी पडली. कुणाला कळू नये म्हणून मी बरणीवर जुनं लुगडं टाकलं. दुपारी लुगडं काढलं तर बरणीत दोन कोळी. एक नवाकोरा, काळाभोर, आणि एक शेजारी पडलेला. नीट बघितलं तेव्हा कळलं, दुसरं नुसतं कातडं होतं, साप कात टाकतो तशी त्यानं कात टाकली होती. पायांसकट, केसांसकट अख्खी.

पण मी नीट बघायच्या आधीच दारातून जाऊबाईंनी बघितलं होतं. एकाचे दोन झाले म्हणून त्या ओरडत गावात गेल्या. संध्याकाळपर्यंत दोनाचे वीस झाले होते. कोळ्यानं पिलं घातली, पिलं पळाली, आता घराघरात शिरणार. मी तेव्हा बरणी बाहेर आणून ते कातडं दाखवायला पाहिजे होतं. नाही दाखवलं. मला वाटलं, जेवढं भ्यायचं तेवढं भिऊ द्या, परीक्षा होईपर्यंत बरंच आहे. दुसऱ्या दिवशी गावातले गडी रॉकेलचे डबे घेऊन माळावर गेले आणि दिसेल त्या बिळात ओतून काडी लावली.

चार दिवसांनी वैदीण दारात उभी. सासूबाई आणि जाऊबाई पाण्याला गेल्या होत्या. ती आत आली, आधी बरणीपाशी बसली, कोळी बघितला, माती बघितली, करवंटीतलं पाणी बघितलं. म्हणाली, नीट ठेवलाय. मग माझ्याकडं वळली. माळावर फारच थोडी बिळं वाचली होती. अंडी घेऊन बसलेल्या ज्या माद्या तिनं सोडल्या होत्या, त्या अंड्यांसकट जळाल्या होत्या. तिनं गावात विचारलं, आणि लोकांनी माझं घर दाखवलं.

"तू सांगितलंस का?" एवढंच तिनं विचारलं.

मी तिच्यावरच उखडले. म्हटलं, तुम्हाला काय जातंय खरं बोला म्हणायला? ही पेटी बघा. तिच्यात काय आहे ते सांगितलं, रद्दीचं सांगितलं, चहाच्या पुडीचं सांगितलं. परीक्षा वीस दिवसांवर आलीय, आज खरं बोलले तर उद्या पुस्तकं राहणार नाहीत, हेही सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मग फुटला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मी लोकाच्या घरात तोंड घालत नाही. मी कोळी घेऊन जाते, हे कातडं बरणीत राहू दे. लांबून कुणाला कळणार नाही. पेटी तुझी राहील. माळावर जे उरलेत ते आज ना उद्या जळतील. नाहीतर तू खरं सांग, मग कोळी तुझ्याकडंच राहील. बघ तुला काय झेपतंय.

ती रागावली असती तर मी भांडले असते. तिनं निवड माझ्यावर टाकली आणि मला पळायला जागाच ठेवली नाही. मी बरणीतल्या त्या पोकळ कातड्याकडं बघितलं. त्याच्या आधारानं वीस दिवस काढायचे, आणि बाहेर ते जीव माझ्या नावानं जळत राहणार. मग माझ्यात आणि तेलवाल्यात फरक काय राहिला?

सासूबाई पाणी घेऊन आल्या, मागं जाऊबाई, आणि वैदीण आली म्हणून बघायला आळीतल्या सात-आठ बाया. मी बरणी उचलून अंगणात आणली. फडकं सोडलं. बाया मागं सरल्या. मी डावा हात बरणीत घातला. कोळी आधी बिचकला, पुढचे पाय उचलले, आणि चावला. वैदीण म्हणाली होती तशीच आग झाली, मनगटापर्यंत ठणका चढला. डोळ्यांत पाणी आलं. हात तसाच बाहेर काढला. कोळी तळहातावर बसून राहिला.

"बघा सगळ्या," मी म्हटलं. "चावलाय. मी हितं उभी हाय. ह्यानं मानूस मरत न्हाय, म्या खोटं बोलले हुते. माळावरचे जळाले ते माझ्यामुळं. आन का खोटं बोलले ते पन ऐका. ह्या पेटीत माझी मॅट्रिकची पुस्तकं हायत. सुनेला कुलूप लावू देत न्हाईत, म्हनून म्या कोळी आनला. जाऊबाई, पानी द्या मला."

जाऊबाईंनी कळशीतलं पाणी दिलं. मी प्याले. वैदिणीनं हलक्या हातानं कोळी माझ्या तळहातावरून उचलला, बरणीत सोडला, बरणी माझ्याच पायाशी ठेवली आणि निघून गेली.

सासूबाई तरातरा आत गेल्या, पेटीचं झाकण उघडलं, वरचं पुस्तक घेतलं आणि सगळ्या बायांदेखत चुलीत घातलं. इतिहासाचं होतं. मला वाटलं होतं मी कोसळेन. पण काय झालं कुणास ठाऊक, माझी भीतीच संपली. आता लपवायला काही राहिलंच नव्हतं. मी पेटी ओढत अंगणात आणली, उरलेली पाचही पुस्तकं बाहेर काढली आणि सासूबाईंच्या पुढं ठेवली.

"आत्याबाई, जाळायची तर समदी आत्ताच जाळा, माझ्या म्होरं," मी म्हटलं. "पन परीक्षेला म्या जानार. पुस्तकासकट जाईन न्हायतर पुस्तकाबिगर जाईन."

मग भूगोल उघडला आणि तिथंच मातीत बसून मोठ्यानं वाचायला लागले. डावा हात सुजून टम्म झाला होता. बाया उभ्याच होत्या. सासूबाईंनी दुसरं पुस्तक उचललं नाही. बायांमुळं असेल, माझ्या तोंडाकडं बघून असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी जेवले, दोन भाकरी.

इतिहासाचा पेपर मी पुस्तक नसताना दिला, डोक्यात जे होतं त्यावर. निकाल लागला. गणितात काठावर पास, इंग्रजीत त्याहून थोडी बरी, आणि इतिहासात सगळ्यांत जास्त मार्क.

गुणपत्रिका घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी पेटीकडं गेलेच नाही. पिठाची खळ केली आणि ती गुणपत्रिका चुलीच्या वर, त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीला चिकटवली. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. दिवाळीला घर सारवलं तेव्हा मी बालवाडीत शिकवायला गेले होते. येऊन बघते तर सगळी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली, आणि त्या कागदाभोवती बोटभर जागा नीट सोडलेली.